ग्रेसताईंचे उपकार

"शिबा, तू साक्ष देशील का?"

ग्रेसताई करंज्यांच्या कडा कातत होत्या. मान वर न करता त्यांनी हे विचारलं, जसं कुणी विचारावं की मीठ आहे का. चर्चच्या मागच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. महिला मंडळाच्या बाकीच्या बायका आठवडी बाजारात पत्रकं वाटायला गेल्या होत्या. मी तळायला बसले होते. झारा हातात तसाच राहिला आणि कढईतला घाणा एका बाजूने काळा पडला.

"कसली साक्ष?"

"तुझ्या त्या प्रसंगाची. रविवारी पुण्याहून पाहुण्या येणार आहेत. नुसती पत्रकं वाटून लोकांच्या मनाला लागत नाही गं. कुणीतरी उभं राहून म्हणायला हवं, माझ्या हातून असं घडलं, मी पस्तावले, तुम्ही तरी करू नका. आपल्या मंडळीत तुझ्याशिवाय कोण आहे सांगण्यासारखं?"

"माझ्या हातून," मी म्हटलं.

"मग? पोट तर तुझंच होतं ना. ती करंजी काढ, जळतेय."

मी करंजी काढली.

ग्रेसताई माझ्या मोठ्या नणंद. मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या, पण निवृत्त फक्त शाळेपुरत्या. चर्चच्या मंडळीतली अर्धी माणसं त्यांच्या हाताखाली शिकलेली. आमचे नवे पाळकसाहेबसुद्धा लहानपणी त्यांच्या घरी शिकवणीला जायचे. ताई खोलीत आल्या की ते अजून खुर्चीवरून उठायचे. त्या वर्षीच्या नाताळात ताईंनी मंडळाला नवा उपक्रम लावून दिला होता. न जन्मलेल्या बाळांसाठी. बाजारात टेबल मांडायचं, नाताळची गाणी म्हणायची, गर्भपात करू नका म्हणून पत्रकं द्यायची, आणि सरकारी दवाखान्यात बाळंतिणींना आम्ही विणलेली टोपडी वाटायची. ताईंच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक प्लास्टिकचं बाळ असायचं, अंगठ्याएवढं. बारा आठवड्यांचं असं दिसतं, म्हणून त्या बाजारातल्या बायकांच्या तळहातावर ते ठेवायच्या. ठेवताना त्यांचे डोळे खरोखर भरून यायचे. ते नाटक नव्हतं. नाटक असतं तर मला सोपं गेलं असतं.

"मी काय काय बोलायचं?" मी विचारलं.

"थोडक्यात. मुलगी आहे असं कळलं, मोह झाला, चुकले, प्रभूने क्षमा केली. रडू आलं तर येऊ दे. आणि हे बघ, नावं घ्यायची नाहीत. साक्ष आपली आपण द्यायची. दुसऱ्याचं सांगत बसलं की ती चुगली होते."

"आणि मला दवाखान्यात कोण घेऊन गेलं, ते?"

ताईंनी कातणं खाली ठेवलं. "शिबा, झाल्या गोष्टीला किती वर्षं झाली. आई तेव्हा हट्टाला पेटल्या होत्या. मी मध्ये पडले नसते तर तुला माहेरी धाडलं असतं. तू ते बघ ना."

"बघते," मी म्हटलं. "विचार करते."

विचार करायला माझ्याकडे फार काही नव्हतं. मी नाहीच म्हणणार होते. ताईंनी चिडून दुसरी कुणीतरी शोधली असती, आणि नाताळ नेहमीसारखा झाला असता. पण दुसऱ्या दिवशी अर्पणा आली.

अर्पणा ही ताईंची सून, संदेशची बायको. मला मामी म्हणायची. तिला पहिली मुलगी होती आणि आता चौथा महिना चालू होता. टोपड्यांची लोकर न्यायला आले म्हणाली, पण लोकर तिच्या पिशवीत आधीच होती, मला दिसत होती. मी चहा टाकला. ती ओट्याशी येऊन उभी राहिली.

"मामी, नाताळ झाला की मम्मी मला बाहेरगावी नेणार आहेत. तपासणीला."

"कुठे?"

"सांगत नाहीत. आपल्या डॉक्टरीणबाईंकडे नाही. मम्मी म्हणतात, तुझ्यात शक्ती कमी आहे, बाटली लावायला हवी. जीप सांगून ठेवलीय."

मी गॅस बंद केला. चहा अजून उकळला नव्हता. मलाही हेच सांगितलं होतं. शक्ती कमी आहे, बाटली लावायची. एवढी शिकलेली बाई, पण इतक्या वर्षांत वाक्यसुद्धा बदललं नव्हतं.

"संदेश काय म्हणतो?"

"तो म्हणतो, मम्मीला कळतं." तिने पिशवीतली लोकर आणखी आत ढकलली. "परवा मम्मी फोनवर कुणाला तरी म्हणत होत्या, आधी बघून घेऊ, मग ठरवू. काय बघणार आहेत मामी? एवढी ती पत्रकं वाटतायत, आणि..."

"त्यांच्या मते ते वेगळं, हे वेगळं," मी म्हटलं. "पत्रकं लोकांसाठी असतात. तू सांग. तुला काय हवंय?"

अर्पणा माझ्याकडे बघतच राहिली. मला कळलं, तिला हे कुणी विचारलंच नव्हतं. मलाही कुणी विचारलं नव्हतं, म्हणून मी तो चेहरा ओळखला.

"मला हे बाळ हवंय," ती म्हणाली. "जे असेल ते. पण मी घरात हे बोलले तर मला तिथे राहू देतील का?"

"घरात बोलूच नकोस. रविवारी पुढच्या बाकावर बस. मम्मींच्या शेजारी, आजेसासूबाईंच्या या बाजूला. तुझं नाव ऐकलंस की उभी राहा. बाकी काही करायचं नाही."

"तुम्ही काय करणार आहात?"

"मी आभार मानणार आहे."

संध्याकाळी आमचे हे कारखान्यातून आले. हे तेव्हा वजनकाट्यावर होते. दिवसभर उसाच्या गाड्यांची वजनं सांगून दमलेले असायचे आणि घरी आल्यावर कुठल्याच बाजूला झुकायचे नाहीत. मी अर्पणाचं सांगितलं. त्यांनी बूट काढले, मोजे बुटांत कोंबले.

"ताईच्या घरच्या गोष्टीत आपण काय बोलणार?"

"तुम्ही भाऊ आहात त्यांचे."

"म्हणूनच तर." आणि त्यांनी टीव्ही लावला.

मग मी ताईंकडे गेले. चर्चच्या आवारात त्या पोरांकडून येशूजन्माची गव्हाणी बांधून घेत होत्या. आमच्याकडे ती उसाच्या पाचटाची बांधतात. मी म्हटलं, "ताई, मी बोलते रविवारी. पण साक्ष नको. पश्चात्ताप म्हटला की माझा घसा बंद होतो. मी उपकारस्तुती करते."

आमच्या मंडळीत नाताळाआधीच्या रविवारी उपकारस्तुतीची सभा असते. वर्षभरात, आयुष्यभरात ज्यांनी आपल्यावर उपकार केले, त्यांची नावं घेऊन आभार मानायचे. ज्याचं नाव येईल त्याने जागेवर उभं राहायचं, आणि बोलणाऱ्याचं संपेपर्यंत उभंच राहायचं. मध्ये कुणी बोलायचं नाही. हा शेवटचा नियम ताईंनीच घातला होता, कारण पूर्वी लोक आभार मानता मानता एकमेकांच्या चुका दुरुस्त करायचे आणि सभेची भांडणं व्हायची.

ताईंचा चेहरा उजळला. "बघ, हे जास्त बरं. पाहुण्यांसमोर रडारड नको. देवाने सावरलं, माणसांनी सावरलं, असं सांग." मग पाचटाची एक काडी पदरावरून झटकत म्हणाल्या, "माझं नाव घेतलंस तरी चालेल. उगीच संकोच करू नकोस. तेवढं मी केलंय तुझ्यासाठी."

"घेते ना," मी म्हटलं. "तुमचं तर घ्यायलाच हवं."

रविवारी चर्च भरलं होतं. डाव्या बाजूला बायका, उजवीकडे पुरुष. पहिल्या बाकावर पुण्याच्या पाहुण्या, त्यांच्या शेजारी ग्रेसताई मोरपंखी साडीत, मग अर्पणा, आणि कडेला माझ्या सासूबाई. सासूबाईंना तेव्हा ऐकू येणं जवळपास बंद झालं होतं. पण त्या दर रविवारी यायच्या, सगळ्यांचे ओठ बघायच्या आणि बरोबर ठिकाणी आमेन म्हणायच्या.

गडाख मास्तरांनी गुडघा बरा केल्याबद्दल हाडांच्या डॉक्टरांचे आभार मानले. डॉक्टर हिंदू, ते आलेच नव्हते, त्यामुळे कुणीच उभं राहिलं नाही आणि मास्तर जरा हिरमुसले. मग पाळकसाहेबांनी माझं नाव पुकारलं.

मी पुढे गेले.

"प्रभूची स्तुती असो," मी म्हटलं. "मी फार शिकलेली नाही. जसं घडलं तसं सांगते. आमची प्रीती तीन वर्षांची होती तेव्हा मला पुन्हा दिवस गेले. यंत्रातून बघून घेतलं, तर मुलगी. त्या वेळी माझ्या घरच्यांनी जे केलं, त्याचे आभार मी कधी मानले नाहीत. आज मानते. आधी माझ्या सासूबाई, सगुणाबाई पारखे."

अर्पणाने त्यांना कोपराने खुणावलं. सासूबाई उठल्या. नाव घेतलंय एवढं त्यांना कळलं. त्यांनी हात जोडले आणि सगळ्या चर्चकडे वळून हसल्या.

"मुलगी आहे म्हटल्यावर सासूबाईंनी जेवण सोडलं. माझ्यासाठी इतकं उपाशी आजवर कुणी राहिलेलं नाही. माझी आईसुद्धा नाही."

मागून कुणीतरी सवयीने आमेन म्हणायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबलं.

"दुसऱ्या माझ्या नणंद, ग्रेसताई."

ताई लगेच उभ्या राहिल्या. त्या आधीच पदर सावरून तयार होत्या. पाळकसाहेब खुर्चीवरून अर्धवट उठले, मग आपण सभेत आहोत हे आठवून बसले.

"ताईंनी जीप आणली. डब्यात शिरा आणला, बदाम घालून. मला म्हणाल्या, तुझ्यात शक्ती कमी आहे, बाटली लावायची. मी घाबरू नये म्हणून त्यांनी मला खरं सांगितलं नाही. टेबलावर झोपवेपर्यंत मी अगदी निर्धास्त होते, हा ताईंचा उपकार. सही करायची होती, तर मला त्रास नको म्हणून तीसुद्धा त्यांनीच केली. मग मला कळलं आणि मी उठून जायला लागले. धरायला तिथे एकच नर्स होती. दुसऱ्या बाजूने ताईंनी धरलं."

"शिबा," ताई म्हणाल्या. आवाज वर्गात पोरीला गप्प करतात तसा होता, पण त्यात जोर नव्हता.

"ताई, मध्ये बोलायचं नसतं," मी म्हटलं. "माझ्या या मनगटावर त्यांच्या बांगडीचा वण होता, बरेच दिवस. येताना जीपमध्ये त्यांनी मला तोच शिरा भरवला. मी नको म्हणत होते, तरी भरवला. त्यानंतर मला मूल झालं नाही. त्यामुळे सासूबाईंना पुन्हा उपाशी राहावं लागलं नाही. हे सगळे उपकार मी इतकी वर्षं एकटीने सांभाळले. आता मंडळीनेही सांभाळावेत."

पुण्याच्या पाहुण्यांनी हातातलं पत्रक पर्समध्ये ठेवलं. ताई समोर बघत उभ्या होत्या. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता, डिसेंबरात. मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. उलट आत कुठेतरी कित्येक वर्षं दुमडून ठेवलेला पाय कुणी सरळ करावा, तसं बरं वाटलं.

"आता पुढच्या उपकाराचं," मी म्हटलं. "अर्पणा."

अर्पणा उभी राहिली. दोघी सासवांच्या मध्ये. तिने एक हात पोटावर ठेवला होता, मी न सांगता.

"अर्पणाला चौथा महिना आहे. नाताळ झाला की ताई तिला बाहेरगावी नेणार आहेत. शक्ती कमी आहे, बाटली लावायची. जीप सांगून ठेवलीय." चर्चमध्ये पंख्याचासुद्धा आवाज नव्हता, पंखे बंदच होते. "ताईंचं वय झालंय. असा प्रवास त्यांना पुन्हा सोसायचा नाही. म्हणून माझी मंडळातल्या बायांना विनंती आहे, अर्पणाला दवाखान्यात आपण न्यायचं. आळीपाळीने. आपल्याच डॉक्टरीणबाईंकडे. दर वेळी. जे बाळ येईल त्याचे आभार मी आजच मानून ठेवते. मुलगी आली तर जास्त. एवढंच."

मी जागेवर येऊन बसले. तिघी उभ्याच होत्या. बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही.

मग बायकांच्या बाजूने, अगदी मागून, मकासरेबाईंचा आवाज आला. त्या बाजारात भाजी विकतात आणि बाजारातल्या आवाजातच प्रार्थना करतात. "पहिल्या खेपेला मी नेते पोरीला. बुधवारी मी मोकळीच असते."

"मग पुढच्या महिन्यात मी," गडाख मास्तरांची बायको म्हणाली.

एकेक हात वर होत गेला. ताईंनीच शिस्त लावलेले हात, सरळ वर गेलेले. पाळकसाहेबांनी घसा साफ केला आणि पुढचं गीत सांगितलं. सासूबाईंनी इकडे तिकडे बघितलं आणि मोठ्याने विचारलं, "झालं का? बसू का मी?"

अर्पणाने त्यांना खांद्याला धरून बसवलं. ताई गीत संपेपर्यंत उभ्या राहिल्या. गीताला सगळेच उभे राहतात, म्हणून बाहेरच्या माणसाला त्यात काही दिसलं नसतं.

बाहेर गव्हाणीपाशी ताईंनी मला गाठलं. बायका चहाचे कप घेऊन लांब लांब उभ्या होत्या आणि आमच्याकडे बघत नव्हत्या, म्हणजे बघत होत्या.

"सूड घेतलास," ताई म्हणाल्या.

"हो."

"पाहुण्यांसमोर. देवाच्या घरात."

"तुम्हीच बोलावलंत ताई. मी नाही म्हणणार होते."

त्यांचे ओठ हलले. "मला वाटलं होतं तू विसरलीस. म्हणजे... तू कधी काही बोलली नाहीस. दर नाताळाला माझ्या घरी येऊन जेवलीस. मला वाटलं, तू मला माफ केलंस."

"तुम्ही कधी मागितलीच नाही माफी. मी न मागता कशी देणार?"

मला वाटलं, त्या आता मागतील. तेवढा वेळ मी थांबले. त्यांनी पर्स उघडली, ते रुमालातलं बाळ बाहेर काढलं, त्याच्याकडे बघितलं आणि पुन्हा आत ठेवलं. मग त्या पाहुण्यांना जेवायला घेऊन गेल्या. जेवण त्यांच्याकडेच ठरलेलं होतं.

जीप नको म्हणायला त्या जीपवाल्याला फोन करावा लागला नाही. मकासरेबाईंनीच त्याला बाजारात गाठून काय सांगायचं ते सांगितलं. अर्पणाला जूनमध्ये मुलगी झाली. आज ती पोरगी आठवीत आहे आणि ग्रेसताईंची इतकी लाडकी, की ताई दुसऱ्या कुणाला तिची वेणी घालू देत नाहीत. लोक मला म्हणतात, बघ, शेवटी सगळं चांगलं झालं. त्या पोरीचं झालं. ताईंनी माझ्याकडे अजून काही मागितलेलं नाही, आणि मीही अजून काही दिलेलं नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या दुपारचं. आम्ही दोघं लूनावरून घरी निघालो. सभेत मी बोलत असताना ह्यांच्याकडे माझं लक्ष होतं. दर नावाला ते बाकाच्या कडेला सरकत होते, हात गुडघ्यांवर, उठायच्या तयारीत. मी शेवटी 'एवढंच' म्हटल्यावर त्यांनी पाठ मागे टेकली होती.

कारखान्याच्या वळणावर त्यांनी हॉर्न वाजवला. मग मान थोडी वळवून म्हणाले, "माझं नाव नाही घेतलंस."

"नाही."

"मी तयार होतो. घेतलं असतंस तर उभा राहिलो असतो. खरंच."

"माहीत आहे."

पुढे उसाने भरलेली एक बैलगाडी होती. ह्यांनी लूना तिच्या मागे हळू केली. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "तू मला वाचवलंस. तेवढं तरी वाटलं तुला माझ्यासाठी. मी विसरणार नाही."

मी हे असंच जाऊ देऊ शकले असते. माणूस वाईट नव्हता. प्रीतीच्या तापात रात्रभर मिठाच्या पाण्याच्या घड्या बदलणारा माणूस होता.

"वाचवलं नाही," मी म्हटलं. "आभार मानायचे तर ज्यांनी काही केलं त्यांचे मानायचे असतात. सासूबाईंनी जेवण सोडलं. ताईंनी हात धरले. तुम्ही त्या दिवशी ड्युटीवर गेला होतात. तुम्ही काही केलंच नव्हतं. मी तुमचं नाव कशासाठी घेऊ?"

बैलगाडी वळली. रस्ता मोकळा झाला, तरी ह्यांनी वेग वाढवला नाही. मग लूना कडेला घेतली, बंद केली आणि हँडल धरून तसेच बसून राहिले. मीही मागे बसून राहिले. त्यांची पाठ माझ्यापासून वीतभर अंतरावर होती, नाताळचा नवा शर्ट घातलेली, दुकानातल्या घड्या अजून न मोडलेली. ती हलत होती.

त्या पाठीवर हात ठेवावा असं मला वाटलं.

ठेवला नाही.